कॉलेजातला वाइड रिसीव्हर एनएफएलमध्ये चालेल की नाही, हे ओळखायचं कसं?

फिलीकर:
नमस्कार मंडळी. फिलाडेल्फियाच्या जवळ राहतो, त्यामुळे एनएफएलमधल्या (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) इथल्या संघाचा, ईगल्सचा, चाहता होण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एप्रिल जवळ आला की आमच्या ऑफिसात ड्राफ्टशिवाय (संघ पाळीपाळीने कॉलेजातले खेळाडू निवडतात तो) दुसरा विषय नसतो आणि दरवर्षी कुणीतरी २०२० ची खपली काढतंच. पहिल्या फेरीत २१ व्या क्रमांकावर ईगल्सनी टीसीयू कॉलेजचा रिसीव्हर (पुढे पळून फेकलेला चेंडू झेलणारा) जेलन रेगर घेतला आणि लगेच २२ व्या क्रमांकावर व्हायकिंग्सनी एलएसयूचा जस्टिन जेफरसन उचलला. पहिल्याच मोसमात जेफरसनचे झेलांतून १४०० यार्ड. रेगरला दोन वर्षांनी आम्ही त्याच व्हायकिंग्सना देऊन टाकला. म्हणजे बघा.

यंदा ऑफिसात पैज लागली आहे, प्रत्येकाने एक रिसीव्हर निवडायचा. मी यूट्यूबवर हायलाइट्स बघतो तर सगळेच देव वाटतात. धावण्याची वेळ बघावी, कॉलेजातले यार्ड बघावेत, की उंची? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चौथा डाऊन:
वेग बघा, विषय संपला. रूट (पळायच्या ठरलेल्या वाटा) शिकवता येतात, वेग शिकवता येत नाही.

शनिवारवाला:
चौथा डाऊन, मग २०१७ चं काय करायचं? जॉन रॉस कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत) ४० यार्ड ४.२२ सेकंदांत पळाला, तेव्हाचा विक्रम होता तो. बेंगल्सनी त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं आणि तिथे त्याचं बस्तान काही बसलं नाही. त्याच ड्राफ्टात ईस्टर्न वॉशिंग्टनसारख्या छोट्या कॉलेजचा कूपर कप ४.६२ पळाला आणि तिसऱ्या फेरीत ६९ वा गेला. २०२१ च्या मोसमात कपचे १४५ कॅच, १९४७ यार्ड, वर सुपर बोलचा (एनएफएलचा अंतिम सामना) सर्वोत्तम खेळाडू. आणि फिलीकर, तुमच्या जखमेवर थोडं मीठ: रेगर कंबाइनमध्ये ४.४७ पळाला, जेफरसन ४.४३. त्यांचा वेगवान रिसीव्हर डीशॉन जॅक्सन दुखापतींनी बाहेर बसला म्हणून ईगल्सना वेग हवा होता ना? वेगवान गडी पुढच्याच क्रमांकावर गेला.

आता मुद्द्याचं. मी काही स्काउट नाही. टेक्सासात राहतो, शुक्रवारी रात्री गावातल्या हायस्कूलचा सामना आणि शनिवारी दिवसभर कॉलेज, हे माझं व्रत. घरच्यांनी नाद सोडलाय.

पहिलं म्हणजे हायलाइट्स बंद करा. त्यात फक्त हातात आलेले चेंडू दिसतात. रिसीव्हरची खरी परीक्षा बहुतेक वेळा चेंडू त्याच्याकडे येतच नाही तेव्हा होते. अख्खा सामना बघा. अडचण अशी की टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे असतो, रिसीव्हर दोन सेकंदांत चौकटीबाहेर जातो. संघांकडे बावीसच्या बावीस खेळाडू दिसणारी फिल्म असते. कॉलेजची ती आपल्यासारख्यांच्या हाती लागणं कठीण. म्हणून वरून दाखवलेला रिप्ले आला की चहा ठेवायला उठू नका.

त्यात बघायची पहिली तीन पावलं. कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) नाकासमोर उभा आहे, हात छातीवर येणार आहेत (एनएफएलमध्ये पहिल्या पाच यार्डांत त्याला ती मुभा आहे), अशा वेळी हा पोरगा सुटतो कसा? कबड्डीतला चांगला चढाईपटू कोपऱ्यावरच्या गड्याला एका खांद्याने भलतीकडे पाठवतो, तसं काही याला जमतं का? कॉलेजात कित्येक रिसीव्हरांसमोर बचावपटू सात-आठ यार्ड मागे उभा असतो. पोरगा मोसमभर कुणाचा हात न लागता पळतो, वर झटपट स्क्रीन पासचे (जवळच्या जवळ दिलेला छोटा पास) फुकटचे यार्ड मिळतात. अशाचे १२०० यार्ड असोत की १५००, त्याच्याबद्दल तुम्हाला अजून काहीच कळलेलं नसतं.

दुसरं, वळण. कमबॅक किंवा डिग रूट बघा, जिथे भर वेगात असताना थांबून वळायचं असतं. कच्चा रिसीव्हर थांबण्याआधी खांदे वर उचलतो आणि पाच-सहा बारीक पावलं टाकतो. कॉर्नरबॅकला ती चिठ्ठीच मिळते. पक्क्याची छाती गुडघ्यांवर तशीच राहते, कंबर खाली बसते, दोन पावलांत तो वळलेला असतो. समोरचा अजून मागेच पळतोय.

कॉलेजचं मैदानही फसवतं. तिथे हॅशमार्कमधलं (डाव सुरू करताना चेंडू ज्यांच्या दरम्यान ठेवतात त्या खुणांमधलं) अंतर ४० फूट, एनएफएलमध्ये साडेअठरा. चेंडू एका हॅशवर असला की कॉलेजात पलीकडच्या बाजूला हे एवढं मोकळं रान मिळतं. रविवारी, म्हणजे एनएफएलमध्ये, ते नसतं. शिवाय कॉलेजात एक पाय रेषेच्या आत पडला की कॅच धरतात, एनएफएलमध्ये दोन लागतात. काठावरच्या कॅचला दुसरा पाय आपसूक घासत आत ठेवणारा पोरगा दिसला तर नाव लिहून ठेवा.

जेफरसनवर तेव्हा आक्षेप काय होता? २०१९ मध्ये तो बहुतेक वेळ स्लॉटमध्ये (काठाऐवजी आतल्या बाजूला) खेळला. १११ कॅच, १५४० यार्ड, १८ टचडाऊन, ओक्लाहोमाविरुद्ध पीच बोलमध्ये पहिल्याच अर्ध्यात चार टचडाऊन. पण लोक म्हणाले, स्लॉटमध्ये जागा मिळते, दुसरीकडे जामार चेस, चेंडू टाकायला जो बरो; बाहेरच्या बाजूला याला जमेल का? अहो, २०१८ मध्ये तो बाहेरच खेळत होता आणि ५४ कॅच, ८७५ यार्ड करून संघात पहिला होता! फिल्म होती, बघायची होती.

रेगरबद्दल ईगल्सचं गणित मात्र अगदीच खुळं नव्हतं. २०१८ मध्ये त्याचे १०६१ यार्ड, पुढच्या वर्षी नवखा क्वार्टरबॅक आला आणि ते ६११ वर आले. दोष चेंडू टाकणाऱ्याचा, असं त्यांनी धरलं. असेलही. पण चेंडू वाईट आला तरी पोरगा मोकळा होता की नव्हता, ते दिसतंच की.

जाता जाता: व्हायकिंग्सकडे ती २२ वी निवड आली होती बफेलो संघाला रिसीव्हर स्टेफॉन डिग्ज देऊन. आणि डिग्ज स्वतः २०१५ चा पाचव्या फेरीतला.

चौथा डाऊन:
एवढं लिहिलंत, पण डीके मेटकाफचं काय? २०१९ च्या कंबाइनला थ्री-कोन (शंकूंभोवती वळत पळण्याची चाचणी) ७.३८ सेकंद. संथ म्हणून ओळखला जाणारा क्वार्टरबॅक (चेंडू टाकणारा) टॉम ब्रेडीसुद्धा त्याच्या वेळी ७.२० पळाला होता, सगळे खो खो हसले. मेटकाफ ६४ वर घसरला आणि दुसऱ्याच मोसमात १३०३ यार्ड. तुमच्या त्या कंबरेच्या शास्त्राने त्याला कुणी दारात उभं केलं नसतं.

शनिवारवाला:
बिनतोड उदाहरण. पण २२८ पौंडांचा गडी ४.३३ पळतो, असा वर्षात एक निघाला तरी पुष्कळ. आणि मेटकाफ सुरुवातीलाच हात झटकून सुटायचा, म्हणजे माझ्या पहिल्या तीन पावलांत तो पास. वळणात कच्चा होता, तर सीहॉक्सनी त्याला जास्त करून सरळच पळवला; लांब चेंडू टाकायला रसेल विल्सन होताच. हाच रेगरसारखा भलत्या संघात गेला असता तर कदाचित आपण वेगळं बोलत असतो. ओल मिस कॉलेजातला त्याचा जोडीदार ए. जे. ब्राऊन ५१ वा गेला, तोही बराचसा स्लॉटमध्येच खेळलेला. २०२२ मध्ये त्याला ईगल्सनी ट्रेड करून आणला, तेव्हा फिलीकर, तुमच्याकडची मंडळी शिकली असं म्हणू या.

फिलीकर:
शिकली खरी, पण ऑफिसातले अजून विसरले नाहीत. दोघांचेही आभार, वाचताना मजा आली. एक शंका: मला आवडलेला एक पोरगा फार चेंडू सोडतो. यादीतून काढू का?

शनिवारवाला:
सोडतो कसा, ते बघा. कॅच पुरा व्हायच्या आत नजर पुढच्या धावेकडे गेली म्हणून सुटत असेल तर मी काढणार नाही. जेरी राइसने १९८५ मध्ये पहिल्या वर्षी इतके सोडले की घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो केली होती. पण हात पुढे न करता प्रत्येक चेंडू छातीवर घेत असेल तर काढा. एनएफएलचा कॉर्नरबॅक मधे हात घालायला तेवढ्याचीच वाट बघत असतो.

आणि प्रत्येकाचे तीनच सामने बघा: त्याला भेटलेल्या सगळ्यात भारी कॉर्नरबॅकसमोरचा, ज्यात तो साफ गप्प बसला तो, आणि आधीच्या वर्षीचा एक. नावं इथे टाका, कुणाचे कुठले ते सांगतो. पैज कशाची आहे?

फिलीकर:
हरणाऱ्याने सगळ्या मजल्याला चीजस्टेक. चाळीस माणसं आहेत हो. नावं रात्री टाकतो.