इव्हॅक्युएट कोण होतं, माणूस की इमारत?

चिडका_बिब्बा: परवा मूळपुरुष यांनी लिहिलं, ‘“रहिवाशांना इव्हॅक्युएट केलं” असं लिहिणारे बातमीदार अडाणी. इव्हॅक्युएट इमारत होते. माणूस झाला तर तो एनिमा.’ डोकंच फिरलं. इव्हॅक्युएटच्या मुळाशी लॅटिन ‘व्हॅक्युअस’ म्हणजे रिकामा, मान्य. इंग्रजीत वैद्यांनी इव्हॅक्युएट पोट साफ करण्यासाठी वापरला, तेही मान्य. पण सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनने शहरांतून सुमारे १५ लाख माणसं हलवली. निम्म्याहून जास्त शाळकरी पोरं, अंगावर नावाची चिठ्ठी अडकवलेली. त्यांना अख्खा देश ‘इव्हॅक्युई’ म्हणत होता. ते सगळे अडाणी?

मूळपुरुष: चूक लाखांनी केली म्हणून बरोबर होत नाही. शब्दाला मूळ असतं.

उंटावरचा_शहाणा: असं? मग ‘सप्लांट’ म्हणजे दुसऱ्याची जागा घेणं, पण त्याच्या मुळात तळपाय आहे, पाय घालून पाडणे. एका अ‍ॅपने दुसऱ्याला सप्लांट केलं तर तुम्ही पाय शोधता का?

शुद्धमती: इंग्रजीचं जाऊ द्या हो. ‘जागा खाली करा’ म्हणणाऱ्यांना आधी आवरा! रिकामी म्हणा. मराठीत खाली म्हणजे वरच्या उलट.

ठेकाबाज: आणि तबल्यातली खाली? तीनतालात नवव्या मात्रेला आम्ही जमिनीवर उतरतो वाटतं? तो अरबीतला ‘खाली’, रिकामाच.

शुद्धमती: तबला तबल्यात ठेवा. आमच्या ऑफिसात आगीच्या सरावाला भोंग्यावरून ओरडले, ‘मजला खाली करा!’ आम्ही चाळीस जण एक मजला खाली जाऊन उभे. तिथले लोक आमच्याकडे बघताहेत, आम्ही त्यांच्याकडे. खरी आग असती तर?

ठेकाबाज: तर जिना दिसला असता. अक्कल खाली असली की शब्दाला दोष.

शुद्धमती: अक्कल काढू नका! त्या चाळिसांत आमचे साहेबही होते.

उंटावरचा_शहाणा: म्हणजे मुद्दा सिद्ध झाला.

चिडका_बिब्बा: धागा इव्हॅक्युएटचा आहे, लोकहो. मूळपुरुष, १९४० मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कहून ३,३८,००० सैनिक काढले. त्याला काय म्हणायचं?

मूळपुरुष: बरं बाबा. त्यांना एनिमा दिला नव्हता, मान्य. झालं समाधान? पण ‘सामान इव्हॅक्युएट केलं’ असं मी मेलो तरी लिहिणार नाही.

चिडका_बिब्बा: लिहा म्हटलं कोणी?