'आउटफिल्डर' म्हणजे सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक का?

ट्रिस स्पीकर या जुन्या अमेरिकन बेसबॉलपटूवर लेख लिहिते आहे (कारकीर्द १९०७ ते १९२८, मुख्यतः बोस्टन आणि क्लीव्हलँड). 'आउटफिल्डर'ला 'सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक' म्हटलं तर चालेल?

— नको. आउटफिल्डर उभा राहतो तो चार बेसच्या (धावकानं ओळीनं गाठायच्या ठाण्यांच्या) चौकोनापलीकडच्या मैदानात. स्पीकरसाठी तर मुळीच नको! तो सेंटर फील्डला, म्हणजे त्या मैदानाच्या मधल्या भागात, इतका पुढे उभा राहायचा की सेकंड बेस त्याच्या आवाक्यात असे. पुढे झेपावत झेल टिपायचा, तसाच धावत जाऊन बेसवर पाय ठेवायचा. झेल गेला की पुढे निघालेल्या धावकाला आपल्या बेसवर परतावं लागतं; परतू न शकलेला धावकही बाद. दोन गडी, दुसऱ्या कोणाचा हात न लागता. हे जमायचं, कारण १९२० पूर्वी एकच चेंडू बराच वेळ वापरत. तो मळायचा, मऊ पडायचा, फार लांब जायचा नाही. शिवाय डोक्यावरून गेलेल्या चेंडूमागे पळण्यात स्पीकरचा हात धरणारे थोडे होते. सीमारेषा म्हटलं की वाचक त्याला पार दोरीपाशी नेऊन उभा करील.

— मग 'बाह्यरक्षक'?

— हा बरा. कबड्डीतल्या मध्यरक्षक, कोपरारक्षक यांच्या पंगतीत बसतो. जागा सांगताना डावा, मधला, उजवा म्हणा. ऑफ-लेगच्या बाजू डावखुरा फलंदाज आला की उलटतात; बेसबॉलमधलं डावं-उजवं होम प्लेटवरून (फलंदाज उभा राहतो तिथून) ठरतं, ते बदलत नाही.

— आणि 'असिस्ट'? त्याचे ४४९ आहेत, बाह्यरक्षकांमध्ये सर्वाधिक. 'साहाय्य' लिहिलंय.

— 'साहाय्य' वाचून कोणाला फेक दिसणार नाही. त्यानं चेंडू फेकला, साथीदारानं गडी बाद केला, त्यात याचा वाटा, तो असिस्ट. मला 'हातभार' फार आवडेल. त्यात हातही आहे. पहिल्यांदा 'फेकीचा हातभार' असं लिहा, पुढे नुसतं 'हातभार'.

— 'डबल'ला मात्र 'दुहेरी धाव' लिहू नका हं. फलंदाज आपल्या फटक्यावर सेकंड बेस गाठतो, एवढंच. धाव होईलच असं नाही. 'दोन बेसचा फटका' म्हणा. स्पीकरचे असे ७९२ आहेत आणि तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही, तेव्हा हा शब्द लेखात वारंवार येणार.

— आभार. वाक्य असं केलं: 'मधला बाह्यरक्षक असूनही स्पीकर सेकंड बेसच्या पाठीशीच उभा असे.'

— 'असूनही' ठेवाच. सगळी गंमत त्यातच आहे.