देशी टॅपिंग सेंटर घ्यावं की जपानी? येनचा हिशेब जुळत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. चाकणच्या कंपन्यांसाठी अ‍ॅल्युमिनियमचे ब्रॅकेट आणि हाउसिंग जॉबवर्कने करतो. नवीन टॅपिंग सेंटर (भोकं पाडून त्यात आटे काढणारं संगणकीय मशीन) घ्यायचंय, कर्ज मंजूर आहे आणि पंधरा दिवसांत ऑर्डर द्यायचीय.

देशी मशीन 36 लाखांना पडतंय. जपानी मशीनचं कोटेशन 72 लाख येनचं आहे, आजच्या दराने ड्युटी धरून देशीपेक्षा साधारण 9 लाखांनी महाग. आमच्याच पार्टची ट्रायल दोन्हीकडे घेतली. एका पार्टला देशीवर 74 सेकंद लागले, जपानीवर 61. शिफ्टभर चालवलं तर हा फरक लहान नाही.

रुपया डॉलरमागे 90 च्या पलीकडे गेला तेव्हा बाबा म्हणाले, आता परदेशी मशीन विसर. पण मी जुने दर काढून बघितले. 2012 साली 100 येनला 60 च्या वर रुपये मोजावे लागायचे आणि 2024 मध्ये हाच दर 52 पर्यंत उतरला होता. त्याच काळात डॉलर मात्र साधारण 53 वरून 83 वर गेला. म्हणजे बातम्यांतल्या डॉलरवरून आमच्या मशीनचा हिशेब लागतच नाही.

अडचण अशी की डिलिव्हरी 4 महिन्यांनी आहे. 20 टक्के आगाऊ, बाकी एलसीवर (माल पाठवल्याचे कागद आले की बँक पैसे देते ती हमी). 100 येनमागे 1 रुपया वाढला की पूर्ण किमतीत 72,000 रुपये वाढतात. आमची सगळी बिलं रुपयात, त्यामुळे वाढलेले पैसे आमच्याच खिशातून जाणार.

देशी घेतलं तर या कटकटीतून सुटलो असं वाटत होतं. पण त्या कोटेशनच्या शेवटच्या पानावर लिहिलंय की विनिमय दर 3 टक्क्यांपेक्षा जास्त हलला तर किंमत बदलेल. विचारलं तर कळलं की मशीन देशी असलं तरी आतले मुख्य भाग बाहेरचे: कंट्रोल (मशीन चालवणारा संगणक) जपानी, बॉलस्क्रू आणि गाइडवे (टेबल सरकवणारे भाग) तैवानचे. आणखी एक गोष्ट: जपानी कोटेशन दाखवल्यावर त्याच देशी मशीनच्या डीलरने दीड लाख कमी केले, 36 लाख हा त्यानंतरचा भाव. बाबांच्या उमेदीच्या काळात, 1991 च्या आधी, परदेशी मशीनला परवाना लागायचा, तेव्हा असं भाव पाडून घेणं शक्यच नव्हतं.

तुम्ही काय कराल?

प्रतिसाद 1
पिंपरीत 22 वर्षं टूलरूम चालवतोय, म्हणून सांगतो. आजचा दर धरून तुलना करू नका. बँकेकडून 4 महिन्यांच्या फॉरवर्डचा (पुढच्या तारखेला येन घ्यायचा दर आजच पक्का करण्याचा) भाव लेखी घ्या. जपानमध्ये व्याज आपल्यापेक्षा खूप कमी, त्यामुळे पुढच्या तारखेचा येन आजच्यापेक्षा महागच मिळतो. तो दर धरूनही मशीन परवडत असेल तरच पुढे जा. दर पक्का न करता उघडं राहू नका. जुलै 2024 मध्ये डॉलरला 161 येन मिळत होते, 5 ऑगस्टला 142 च्या आसपास. महिनाभरात एवढी उलथापालथ झाली, रुपयाचा त्यात काहीच हात नव्हता.

प्रतिसाद 2
दोन्ही किमती जीएसटी वगळून बघा, 18 टक्क्यांचं क्रेडिट (आपण भरायच्या जीएसटीतून वजावट) मिळतं, कस्टम ड्युटीचं मिळत नाही. जपानशी 2011 पासून व्यापार करार आहे. मूळ देशाच्या प्रमाणपत्रावर तुमच्या मशीनला ड्युटीत सवलत बसते का, हे कस्टम एजंटला ऑर्डरच्या आधी विचारा. ड्युटी तुमच्या बँकेच्या दराने लागत नाही, बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं कस्टमकडचं घोषणापत्र) भरण्याच्या दिवशी कस्टमचा जाहीर दर असतो तो लागतो.

धागाकर्ता
काका, फॉरवर्डचं डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच बँकेत जातो. देशी डीलरकडेही ती 3 टक्क्यांची अट काढायला सांगतो, नाहीतर त्याच्या 36 लाखांना अर्थच उरत नाही.

आता एकच विचारायचंय. भोसरी-चाकण भागात कुणाच्या आयात मशीनचा स्पिंडल (टूल फिरवणारा मुख्य भाग) बिघडला होता का? पार्ट यायला किती दिवस लागले आणि तेवढे दिवस काम कसं सांभाळलंत?