मीडिया, टेलिकॉम, आयटीचे नवीन कायदे प्रॅक्टिस सांभाळून फॉलो कसे करता?

घोडबंदरची वकील:
नमस्कार मंडळी. मी ठाणे कोर्टात असते, जास्त करून १३८ (चेक बाऊन्स) आणि भाडेकरूंचे दावे. पण हल्ली अशील वेगळंच काही घेऊन येतायत, कोणाला इन्स्टाच्या पेड प्रमोशनचं अ‍ॅग्रीमेंट दाखवायचंय, कोणाचा एआयने बनवलेला फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. यूट्यूबवरच्या कायदेशीर व्हिडिओंवर भरवसा ठेवावासा वाटत नाही. तुम्ही नेमकं काय वाचता?

बेलापूर कोर्ट:
मॅडम, सगळ्याच्या मागे धावू नका, आधी टेबलावर येतं ते पक्कं करा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुरावा. आपल्या जालन्याचीच खोतकर-गोरंट्याल केस घ्या, २०२० चा निकाल, मूळ डिव्हाइस कोर्टात आणत नसाल तर जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डच्या प्रतीसोबत द्यायचं सर्टिफिकेट हवंच असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं. १ जुलै २०२४ पासून त्याजागी नवीन भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलंय, सर्टिफिकेटचा नमुनाच कायद्याला जोडलाय, एक भाग पार्टीचा, दुसरा एक्स्पर्टचा आणि दोन्हीत हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो). त्यामुळे अशील स्क्रीनशॉटच्या प्रिंट घेऊन आला की पहिल्याच भेटीत सांगा, बाबा रे मोबाईल विकू नको, फॉरमॅट मारू नको, चॅट तर अजिबात डिलीट करू नको.

वाशीकर:
वरच्यांशी सहमत. बातमीवर थांबू नका एवढंच सांगेन. केंद्राच्या फॅक्ट चेक युनिटचं बघा ना, म्हणजे सरकारी कामाबद्दलची ऑनलाइन माहिती खोटी ठरवायचा अधिकार त्याला देणारा आयटी नियम, जानेवारी २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टात दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली, सप्टेंबरमध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर तो नियम रद्द झाला. जानेवारीची हेडिंग वाचून थांबलेला माणूस अशिलाला काय सांगणार? टेलिकॉमसाठी ट्रायचे (टेलिकॉमची नियामक संस्था) कन्सल्टेशन पेपर, म्हणजे निर्णयाआधी मतं मागवणारी टिपणं वाचा, कंपन्यांनी आणि ग्राहक संघटनांनी दिलेली उत्तरंसुद्धा साइटवर असतात, पुढे वाद कुठे होणार ते तिथेच कळतं. मला तर निकालापेक्षा तेच वाचायला आवडतं. आणि प्रमोशनच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये पैसे किंवा फुकट वस्तू घेतली हे पोस्टमध्ये स्पष्ट लिहायचं, ही अट टाकाच. नुसत्या आस्कीच्या (जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था) गाइडलाइन्स नाहीत, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दंडही होऊ शकतो.

घोडबंदरची वकील:
खूप आभार दोघांचे. कलम ६३ चा नमुना आजच प्रिंट काढते. ठाण्यात अजून कोणी असेल तर लंचमध्ये बार रूमला बसून एकेक निकाल एकत्र वाचूया का?