अनुभव धागा: शीर्षकगीत लागलं की तुमच्या घरात काय व्हायचं?

गोधडी:
परवा बँकेत पासबुक भरायच्या रांगेत उभी होते. मागे कुणाचा तरी फोन वाजला, आणि रिंगटोन काय तर 'मालगुडी डेज' मालिकेची धून! ताना नाना नानाना... रांगेतली सगळी पांढरी डोकी एकदम मागे वळली. त्या काकांनाही फोन उचलायची घाई नव्हती, पूर्ण वाजू दिला त्यांनी. काउंटरवरची मुलगी बिचारी 'पुढे या, पुढे या' करत राहिली.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. 'दामिनी'त शेवटी काय झालं हे विचाराल तर सांगता येणार नाही, पण शीर्षकगीत अर्धवट झोपेत म्हणून दाखवेन. आमची आई कणकेच्या हातांनी बाहेर यायची, दारात उभी राहून गाणं ऐकायची आणि नावं संपली की परत आत! गोष्ट स्वयंपाकघरातून ऐकायची. 'बघायचं काय त्यात, रडणारच आहेत' म्हणायची.

तुमच्याकडे काय व्हायचं? दूरदर्शन, अल्फा (आताचं झी मराठी), काहीही चालेल. विषयांतर माफ.

अँटेना_बहाद्दर:
धून एल. वैद्यनाथन यांची. आणि त्यातला स्वामी, मास्टर मंजुनाथ, तोच 'अग्निपथ'मधला छोटा विजय. १९९० चा अग्निपथ, नवा नव्हे. हे मी लग्नात, बारशात, जिथे चार माणसं भेटतील तिथे सांगतो. बायको हल्ली मी 'अग्निपथ' म्हटलं की उठून जाते.

खारी_बिस्कीट:
वहिनींना साष्टांग नमस्कार 😂

रातराणी:
मालगुडीचं बरंचसं चित्रीकरण कर्नाटकात आगुंब्याला झालं होतं. आम्ही हौसेने गेलो तेही ऐन पावसाळ्यात. आगुंब्याचा पाऊस! खोलीच्या बाहेर पाऊल टाकू देईना. परत येताना अरसाळू स्टेशन तेवढं पाहिलं, मालिकेतलं रेल्वे स्टेशन. आता तिथे मालगुडी संग्रहालय केलंय. नवरा म्हणे, एवढा प्रवास करून शेवटी स्टेशनच बघायचं होतं तर आपलं काय वाईट होतं?

शेंगदाणा:
महाभारत!!! हरीश भिमाणींचा तो आवाज. आमचा काका रविवारी सकाळी पांघरूण ओढून 'मैं समय हूँ, आणि नऊ वाजलेत' असं म्हणून उठवायचा. त्याचं बघून आता मी मुलांना तसंच उठवते. मुलांना काही कळत नाही, पण उठतात.

अँटेना_बहाद्दर:
महाभारत २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झालं. भीम झालेले प्रवीण कुमार थाळीफेकीत एशियाडचं सुवर्ण मिळवलेले, ऑलिम्पिकलाही गेलेले. आणि आपले कृष्ण, नितीश भारद्वाज, शिक्षणाने पशुवैद्य.

खारी_बिस्कीट:
गाईंचा डॉक्टर कृष्ण झाला. याहून अचूक निवड कुणाची झाली असेल?

शेंगदाणा:
@खारी 😂😂 ऑफिसात आहे, हसवू नका

निवांत:
थोडं वेगळं लिहिते. माझ्या आत्याला लहानपणापासून ऐकू येत नव्हतं. शीर्षकगीत तिच्यासाठी नव्हतंच. पण मालगुडीच्या सुरुवातीला आर. के. लक्ष्मण यांची चित्रं यायची, ती तिला फार आवडायची. चित्रं संपली की खडूने फरशीवर तशीच माणसं काढायची. धोतरवाला, छत्रीवाला, चष्मेवाला. आम्ही पोरं त्यांच्यावरून उड्या मारायचो आणि ती खोटं खोटं रागवायची.

रविवारी दुपारी मूकबधिरांसाठी बातम्या लागायच्या आठवतात? सगळ्या घरांत मुलं त्या हातवाऱ्यांची नक्कल करून हसायची. आमच्या घरी त्या वेळात कुणी बोलायचं नाही, टीव्ही आत्याचा. तीच मग आम्हाला खुणांनी सांगायची काय झालं ते. आजोबा वर्तमानपत्र बाजूला ठेवून बघायचे.

गोधडी:
निवांत, आत्यांना नमस्कार सांग.

निवांत:
सांगते. आहेत अजून, भाच्याच्या टॅबवर चित्रं काढतात 🙂

कोपऱ्यातला:
मराठीत यायचं का जरा? अशोक पत्की या एका माणसाने आपल्या सगळ्यांच्या संध्याकाळी व्यापल्यात. 'गोट्या'चं 'बीज अंकुरे' त्यांचंच. 'आभाळमाया' त्यांचं, 'वादळवाट' त्यांचं. शिवाय जाहिरातींच्या जिंगल्स, आणि साक्षरतेचं 'पूरब से सूर्य उगा'. आभाळमाया-वादळवाटचे शब्द मंगेश कुलकर्णींचे, ज्यांनी शाहरुखचा 'येस बॉस' लिहिला. आभाळमायाला आवाज देवकी पंडितांचा.

आभाळमाया लागली की आमच्या चाळीत जिना उतरेपर्यंत गाणं ऐकू यायचं. एका घरातून दुसऱ्या घरात, ओळ तुटत नसे. मी दूध आणायला मुद्दाम त्याच वेळी जायचो. हल्लीची शीर्षकगीतं मला एकसारखी वाटतात, पण ते वयाचं असेल.

रातराणी:
वयाचं नाही हो, हल्ली गाणं सुरू व्हायच्या आत आमची लेक 'स्किप' दाबते.

पेन्सिल:
'भारत एक खोज' कुणीच कसं नाही काढलं? ऋग्वेदाचं नासदीय सूक्त, हिंदी रूप वसंत देवांचं, संगीत वनराज भाटियांचं. अंधारात ते सुरू झालं की मी आईच्या पदराआड. भूतपट पाहून नाही, शीर्षकगीताला घाबरलेला मी एकमेव असेन.

खारी_बिस्कीट:
एकमेव नाही. +१

दहा_पैसे:
शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. एवढंच सांगायला आले होते, डबे भरायचेत. (जंगल बुक. चड्डीवालं गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजची.)

शेंगदाणा:
काय!! इतकी वर्षं मला माहीतच नव्हतं. आता शेरखान नानांच्याच चेहऱ्याने दिसणार.

पेन्सिल:
बरं, एक मदत हवी आहे. दादाने टेपरेकॉर्डर टीव्हीला चिकटवून शीर्षकगीतं भरली होती. एक अख्खी कॅसेट आहे. मध्ये मध्ये कुकरची शिट्टी, आजोबांचा खोकला आणि 'दार लाव रे' असं सगळं आलंय. पण फितीवर पांढरी बुरशी दिसतेय. कुणी करून देतं का असलं काम?

कोपऱ्यातला:
बुरशी असेल तर घरच्या प्लेयरमध्ये अजिबात घालू नका. हेडला लागते आणि दुसऱ्या कॅसेटांनाही जाते. आधी साफ करून घ्या, मग संगणकावर उतरवा. माझा एक मित्र करतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

पेन्सिल:
आभार! खोकला काढू नका असं सांगतो त्यांना.

अँटेना_बहाद्दर:
आणि 'दार लाव'पण राहू दे. त्यात 'गोट्या' असेल तर मला पाठवाल का?

पेन्सिल:
दोनदा आहे. दादा कॅसेट उलटी करायला विसरला होता.