इयागो: खलनायक, प्रतिनायक की नुसता खळ?

प्रश्न: शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकातल्या इयागोला सर्रास खलनायक म्हटलं जातं. काही ठिकाणी 'प्रतिनायक' असंही वाचलं. शिकवताना कोणता शब्द घ्यावा? आणि त्याला सारखं 'ऑनेस्ट' म्हणतात, त्याचं मराठी काय करावं?

प्रतिसाद १: प्रतिनायक नको. धनंजयाच्या 'दशरूपक' या नाट्यशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथात प्रतिनायक म्हणजे लोभी, धीरोद्धत (गर्विष्ठ आणि तापट), ताठर, पापी, व्यसनी असा नायकाचा शत्रू. उदाहरणं रावण आणि दुर्योधन. त्यांचं वैर उघड आहे. इयागो सेनापती ऑथेल्लोच्या हाताखालचा २८ वर्षांचा निशाणधारी, आणि हा आपला वैरी आहे हे ऑथेल्लोला शेवटच्या प्रवेशात कळतं. १६२३च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या छापील संग्रहात, पात्रांच्या यादीत त्याच्यापुढे 'व्हिलन' एवढंच छापलंय. तो शब्द मुळात जमिनीला बांधलेल्या कुळासाठी होता, मग हलका माणूस, मग दुष्ट. 'नायक' ही आपली भर.

प्रतिसाद २: मग 'खळ' का नको? 'जे खळांची व्यंकटी सांडो' मधली व्यंकटी म्हणजे वाकडेपणा, आणि इयागोबाबत शोधायचा तो वाकडेपणाच. पहिल्या अंकात तो म्हणतो, आपली बढती हुकली, ती कॅसिओ या दुसऱ्या अधिकाऱ्याला मिळाली. त्याच अंकाच्या शेवटी आपल्या बायकोवरून ऑथेल्लोचा संशय घेतो. खरं-खोटं ठाऊक नाही, पण खरंच धरून चालेन म्हणतो. दुसऱ्या अंकात कॅसिओवरही तोच संशय, वर ऑथेल्लोच्या बायकोवर, डेस्डेमोनावर, आपलंही मन असल्याचं सांगतो. कारणं वाढत जातात आणि एकही पुरं पडत नाही. चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५च्या मूळ कथेत निशाणधारीला डेस्डेमोना हवी असते, ती दाद देत नाही, म्हणून सूड. शेक्सपिअरने ही सरळ गाठ मुद्दाम सैल केली. 'बढती हुकली म्हणून' असं एका वाक्यात शिकवलं की शेवटी 'यापुढे एक शब्द बोलणार नाही' म्हणून तो तोंड मिटतो, ते निरर्थक होतं.

प्रतिसाद ३: 'खळ' पटला. विशेषण हवं तर 'आतल्या गाठीचा'. 'पाताळयंत्री' मोठा वाटतो. डेस्डेमोनाचा रुमाल इयागोच्या बायकोला, एमिलियाला, सापडतो हा निव्वळ योग, इयागो हाती आलेलं पुरावा म्हणून वापरतो. 'कान भरणे' सुद्धा तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात सुरुवातीला लागू पडत नाही. कॅसिओ डेस्डेमोनाकडून निघून जाताना इयागो पुटपुटतो, 'हं! हे काही बरं नाही.' ऑथेल्लो विचारतो, 'काय म्हणालास?' 'काही नाही, सरकार.' पिल्लू सोडायचं आणि गप्प बसायचं. मग ऑथेल्लोचेच शब्द प्रश्न करून परत देतो, म्हणजे संशय ऑथेल्लोला स्वतःचाच वाटतो.

प्रतिसाद ४: 'ऑनेस्ट' आणि 'ऑनेस्टी' नाटकात पन्नासहून जास्त वेळा येतात. इयागोला 'प्रामाणिक' आणि डेस्डेमोनाला 'पतिव्रता' केलं की घोटाळा होतो, कारण तिसऱ्या अंकाच्या त्याच तिसऱ्या प्रवेशात ऑथेल्लो दोघांनाही एकाच शब्दाने तोलतो. 'इमानी' दोघांना चालतो, पण तोंडावर खरं बोलणारा ही छटा त्यात येत नाही. म्हणून 'सच्चा' आणि 'सच्ची' बरे: शिपायाच्या तोंडी शोभतात, बायकोच्या निष्ठेलाही लागतात. एकदा घेतला की शेवटपर्यंत बदलू नये. पाचव्या अंकात एमिलिया 'माझा नवरा?' असं पुन्हा पुन्हा विचारते आणि ऑथेल्लो म्हणतो, 'माझा मित्र, तुझा नवरा, सच्चा, सच्चा इयागो.' आधी शब्द बदलत आला असाल, तर ही दुहेरी हाक पोकळ पडते.