भरतीच्या कामातली माणसं सध्या कुठे आहेत? आपापले अनुभव लिहा (अनुभव धागा)

२००४ साली पुण्यात डेक्कनवरच्या एका छोट्या कन्सल्टन्सीत लागले, तेव्हा माझ्या वाट्याला एक लँडलाइन, एक लांबडं रजिस्टर आणि बॉक्स फायलींचं कपाट आलं. नौकरी डॉट कॉम १९९७ पासून चालू होतं, पण आमच्याकडे त्याचं लॉगिन एकच आणि तेही साहेबांच्या कॉम्प्युटरवर. साहेब यायच्या आत आम्ही तिघी आळीपाळीने बसून रेझ्युमे उतरवून घ्यायचो. रविवारी पेपरात जाहिरात आली की सोमवारी जिन्यात रांग लागायची. फाइल छातीशी धरून उभ्या असलेल्या त्या मुलांपैकी काहींचे दिवाळीला अजून फोन येतात.

उमेदवार शोधून देणं हीच तेव्हा आमची कमाई. वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के फी, म्हणजे त्याचा एका महिन्याचा पगार. माणूस नव्वद दिवसांत सोडून गेला तर बदली माणूस फुकट द्यायचा. आज शोधणं हेच सगळ्यात स्वस्त झालंय. जागा टाकली की दोन दिवसांत हजार अर्ज. त्यातले कितीतरी एआयकडून लिहून घेतलेले, आणि आमच्या बाजूने ते चाळायलाही एआयच.

२०२१ आणि २०२२ आठवा. एकेकाच्या हातात चार-चार ऑफर, आणि जॉइनिंगच्या सकाळी फोन बंद. कंपन्यांनी रिक्रूटरांची फौज उभी केली. मग भरती थांबली आणि पहिली कुऱ्हाड आमच्यावर पडली. मार्च २०२३ मध्ये मी ज्या कंपनीत होते तिथल्या कपातीच्या यादीत माझं नाव होतं. मीटिंग अकरा मिनिटांत संपली. वय ४२, मुलगी दहावीत. पुढचे पाच महिने फार वाईट गेले.

सध्या मी भोसरीतल्या तीन लघुउद्योगांचं भरतीचं काम महिन्याच्या ठरावीक रकमेवर बघते. शोधाशोध त्यातली थोडी. खरं काम त्याआधी असतं. एका मालकांना १५ वर्षं अनुभवाचा क्वालिटी मॅनेजर हवा होता. मी दोन दिवस शॉपफ्लोअरवर उभी राहिले. रोज चारच्या सुमारास खराब मालाचा लाल बिन भरायचा, कारण तपासणी अख्खी बॅच निघाल्यावर व्हायची. नगाची मापं तपासणारं सीएमएम मशीन होतं, पण त्यावर हात बसलेलं कुणी नव्हतं, म्हणून त्यावर कव्हर घातलेलं. आम्ही मॅनेजर घेतलाच नाही. चार वर्षं सीएमएम चालवलेली एक डिप्लोमावाली मुलगी घेतली, आणि पहिल्या पाच नगांनंतर मशीन थांबवून तपासायचा अधिकार तिला दिला. तीन आठवड्यांत मालक मला तो बिन दाखवायला घेऊन गेले. इतक्या वर्षांत कुठल्या जॉइनिंगचा एवढा आनंद झाला नव्हता.

तुमचं काम कसं बदललं, कुठे नवी वाट दिसली, कुठे बंद झाली ते लिहा. आयटीवाल्यांनीच लिहावं असं नाही. कंपनीचं नाव मात्र घेऊ नका.

चाकण, कंत्राटी कामगार भरती, ११ वर्षं

ताई, आमच्याकडे लिंक्डइन नाही. आयटीआयचे सर, व्हॉट्सॲप ग्रुप, आणि गावातला एखादा आधी लागलेला पोरगा, एवढ्यावर सगळी भरती.

पोरगा पहाटे पाचला तळेगाव चौकात उतरतो. पाठीवर सॅक, आधारची झेरॉक्स, दोन जोड कपडे. हिंगोली, नांदेड, परभणीकडचे जास्त. पहिली पाच-सहा वर्षं मी फक्त गेटपर्यंत पोचवायचो. डोकी मोजायची आणि बिल लावायचं. दहातले चार महिन्याभरात परत जायचे आणि मी पुढचे दहा आणायचो. वाटायचं, पोरांना कामच नको.

मग एकदा परत निघालेल्या एकाला एसटी स्टँडवर गाठलं आणि बसवून विचारलं. त्याने बूट काढून पाय दाखवला. सेफ्टी शूज एक नंबर लहान दिला होता, टाच सोलून निघालेली. सांगायचं कुणाला ते त्याला माहीत नव्हतं. खोलीचं डिपॉझिट घरून आणलेल्या पैशात गेलेलं, आणि पगार पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला. म्हणजे चाळीस दिवस खिशात काही नाही. मेसवाला उधार देईना. पोरगं काय करणार?

तेव्हापासून मी तीन गोष्टी करतो. बुटाचं माप आधी फोनवर घेतो. मेसवाल्याला पहिल्या महिन्याची हमी स्वतः देतो. आणि आठव्या दिवशी खोलीवर जाऊन बसतो. आता दहातला एखादाच जातो. ते बघून एका कंपनीने मला कंत्राटदाराकडून काढून स्वतःच्या पगारावर घेतलं.

नवीन लोकांनी शिकाऊ उमेदवारांच्या कामाकडे लक्ष द्या. कायदा १९६१ चा आहे, पण ३० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात, हे कितीतरी मालकांना नोटीस आल्यावर कळतं. २०२४ ला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला ६,०००, आयटीआय आणि डिप्लोमाला ८,०००, पदवीला १०,००० विद्यावेतन. त्याची नोंदणी, हजेरी, पोरांच्या बँक खात्याच्या भानगडी, हे सगळं नीट सांभाळणारा माणूस लहान कारखान्यांना मिळत नाही.

नागपूर, यूएस रिक्रूटर, नाइट शिफ्ट

संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन, सात वर्षं. नागपुरात बसून टेक्सासच्या माणसाला विचारायचं, डब्ल्यू-टूवर (थेट पगारावर) येणार की सी-टू-सी (दुसऱ्या कंपनीमार्फत कंत्राटावर), रेट किती, व्हिसा कुठला. दिवसाला ठरावीक सबमिशन, म्हणजे क्लायंटकडे पाठवलेले उमेदवार, व्हायलाच पाहिजेत. आमचा बराचसा धंदा आयटी कंत्राटांचा, म्हणजे एच-वन-बी या अमेरिकी नोकरी-व्हिसावाल्यांच्या जिवावर. सप्टेंबर २०२५ मध्ये नवीन एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर फीची घोषणा झाली त्या रात्री फ्लोअरवर कुणी डबा उघडला नाही. सबमिशनचं काम तर त्याआधीच सॉफ्टवेअर करू लागलं होतं.

मी त्याच्या वर्षभर आधी हेल्थकेअर स्टाफिंगमध्ये गेलो होतो, म्हणून टिकलो. तिकडे नर्स तेरा-तेरा आठवड्यांच्या करारावर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात. कुठल्या राज्याचं लायसन्स कॉम्पॅक्टमध्ये (एकमेकांचं लायसन्स मानणाऱ्या राज्यांच्या करारात) आहे, एसीएलएसचं (हृदयाच्या तातडीच्या उपचारांच्या प्रशिक्षणाचं) कार्ड कधी संपतं, लसीचे कागद पुरे आहेत का, यातला एक कागद राहिला तर सोमवारी ती नर्स दवाखान्याच्या दारातून परत येते. आणि ती चारशे मैल गाडी चालवून आलेली असते. हे एकदा माझ्या हातून झालं आहे. ती फोनवर रडत होती. तेव्हापासून रविवारी रात्री प्रत्येकीला मी स्वतः फोन करतो, डॅशबोर्डवर सगळं हिरवं दिसत असलं तरी.

झोपेची वाट लागली हे खरं आहे, आणि लग्न जमवताना नाइट शिफ्टचं नाव काढलं की समोरचे गप्प होतात. पण क्रेडेन्शियलिंग, म्हणजे हे कागद तपासणं, शिकलेल्याला काम आहे, हे नक्की सांगतो.

मिरज, परदेशी नर्स भरती

मी स्वतः नऊ वर्षं वॉर्डात काढली. भरतीत आले ते रागाने. आमच्या बॅचच्या दोघींकडून एका एजंटाने लाखांत पैसे घेतले आणि व्हिसा आलाच नाही. एकीच्या वडिलांनी त्यासाठी म्हैस विकली होती.

म्हणून आधी हे लिहिते. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवाना नसताना परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवता येत नाहीत. परवानाधारक एजंटालाही उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी क्रमांक तपासता येतो. तपासा, आणि शेजारच्यांनाही सांगा.

२०२४ मध्ये महाराष्ट्र आणि जर्मनीतलं बाडेन-वुर्टेम्बर्ग यांच्यात मनुष्यबळाचा करार झाला आणि आमचे फोन वाजायचे थांबेनात. सगळ्यांना वाटलं, तीन महिन्यांत विमान. तसं नसतं. जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत न्यावी लागते, आणि ड्युटी करून शिकणाऱ्या मुलीला त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं. तिथे गेल्यावर पदवीची मान्यता मिळेपर्यंत सहायक म्हणून काम, मग परीक्षा किंवा ठरावीक काळाचं प्रशिक्षण. इथे आयसीयू एकटीने सांभाळलेल्या मुलीला तिथे रुग्णाला अंघोळ घालायला सांगतात तेव्हा ती खचते. हे तिला इथे, आईसमोर, आधी सांगायचं, हा माझ्या कामाचा मोठा भाग. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो हेही सांगते. पाचातल्या दोघी हे ऐकून थांबतात. त्या थांबल्या तर मला एक रुपया मिळत नाही, तरी सांगते.

वर नागपूरच्या दादांनी कागदांचं लिहिलंय ते अगदी पटलं. ज्यांना एखादा पेशा आतून माहीत आहे, नर्स, वेल्डर, आचारी कुणीही, त्यांनी भरतीत यावं. आम्हाला एमबीएपेक्षा अशी माणसं हवी आहेत.

खराडी, जीसीसीमध्ये टॅलेंट ॲक्विझिशन

परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रं, म्हणजे जीसीसी, पुण्यात वाढली आणि कन्सल्टन्सीतले आम्ही बरेच जण तिकडे गेलो. पगार बरा. पण पहिल्या फेरीचं बोलणं आता बॉट करतो, वेळापत्रक तोच लावतो.

माझ्याकडे जे उरलं त्यातलं एक म्हणजे समोर खरंच तोच माणूस आहे का हे बघणं. प्रॉक्सी मुलाखती, म्हणजे उमेदवाराऐवजी दुसऱ्यानेच दिलेल्या, इतक्या वाढल्यात की शेवटची फेरी आम्ही पुन्हा ऑफिसात बोलावून घेतो. व्हिडिओवर संशय आला तर मी एकच विचारतो, मागच्या प्रोजेक्टमध्ये तुझ्या हातून काय बिघडलं आणि ते कुणाला सांगावं लागलं? खरं काम केलेला माणूस थोडा थांबतो, मग नावानिशी सांगतो. वाचून बोलणारा लगेच आणि फार गुळगुळीत बोलतो.

दुसरं मी आपणहून सुरू केलं. सिस्टीमने खाली टाकलेले दोनशे अर्ज एका शनिवारी उघडून वाचले. चार वर्षं नोकरीत खंड पडलेली एक टेस्टर त्यात होती. सासऱ्यांच्या आजारपणात घरी, पण त्या काळात तिने दोन सर्टिफिकेशन केलेली. सिस्टीमने फक्त खंड पाहिला. तिला बोलावलं, ती लागली, आज तिची स्वतःची टीम आहे. तेव्हापासून नाकारलेल्या अर्जांची तपासणी दर महिन्याला होते आणि ती माझ्याकडे आहे.

हे काम वाढणार असं मला मनापासून वाटतं. न्यूयॉर्क शहरात २०२३ पासून भरतीच्या स्वयंचलित साधनांचं पक्षपात-ऑडिट लागतं. युरोपच्या २०२४ च्या एआय कायद्याने भरतीतला एआय जास्त धोक्याच्या गटात टाकलाय, आणि आमची मूळ कंपनी युरोपातली. आपल्याकडेही वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. कुणाचा रेझ्युमे कुणाच्या संमतीने ठेवलाय याचं उत्तर देणारा माणूस लागणारच. रिक्रूटरने थोडा कायदा आणि थोडा डेटा शिकला तर ही जागा आपली आहे, नाहीतर वकील आणि इंजिनीअर घेतील.

मडगाव

हॉटेलं आणि वेर्ण्याच्या औषध कंपन्या, दोन्हीकडची भरती करतो. हॉटेलची माणसं ऑक्टोबरात हवी आणि पावसात नको, म्हणून मी त्याच मुलांना पावसाळ्यात पॅकिंग लाइनवर लावायला सुरुवात केली. वर्षाचे बाराही महिने पगार म्हटल्यावर मुलं टिकतात. माझं उत्पन्नही आता बारमाही आहे. एवढंच.

अहिल्यानगर

मी रिक्रूटरचं काम सोडून इंजिनीअरिंग कॉलेजात प्लेसमेंट अधिकारी झाले. पगार कमी झाला, लपवत नाही. पण कंपनीच्या बाजूने बारा वर्षं मुलाखती घेतल्या असल्यामुळे पाथर्डी-शेवगावच्या मुलाला नेमकं कुठे अडतं ते कळतं. उत्तर येत असतं, पण मुलाखत घेणारे सर बोलायचे थांबेपर्यंत तो बोलतच नाही आणि सर थांबत नाहीत. मध्ये बोलायला मी आधी मराठीत शिकवते, मग इंग्रजीत.

सातारा

एमबीए एचआर, यंदाच पास झाले. सगळे म्हणतात रिक्रूटमेंटमध्ये जाऊ नकोस, दोन वर्षांत एआय खाईल. वरचं सगळं दोनदा वाचलं. सुरुवात कुठून करू? बाबा म्हणतात बँकेच्या परीक्षा दे.

धागाकर्ती, पुणे

बाबांना काळजी आहे, ते स्वाभाविक आहे. परीक्षा द्यायच्या तर दे. पण यात यायचं असेल तर "सगळ्या इंडस्ट्रींसाठी भरती" करणाऱ्या मोठ्या फ्लोअरवर जाऊ नको. एक उद्योग धर, फाउंड्री धर नाहीतर दवाखाने, आणि दोन वर्षं त्याच लोकांत राहा. कोल्हापूर तुला जवळ आहे, तिथल्या फाउंड्रींना मोल्डिंग समजणारा भरतीचा माणूस हवाच आहे. आणि तू लावलेल्या पहिल्या दहा माणसांना सहा महिन्यांनी फोन कर, फी मिळून गेली असली तरी.

चाकण

सातारच्या ताई, येत्या सोमवारी आमची नवीन बॅच उतरतेय, चौदा पोरं. पहाटे पाचला तळेगाव चौकात या. दिवसभर बरोबर फिरा. गेट, मेडिकल, मेस, खोल्या, सगळं बघा. वही आणा. घरच्या कुणाला सोबत आणलंत तर उत्तम.

सातारा

येते दादा. बाबाच येतो म्हणालेत.